उकळीचे शब्द : इंग्रजीतील वाच्यार्थ आणि लक्ष्यार्थ यांचा एक इतिहास

शब्दाला आधी एक वाच्यार्थ असतो, तो इंद्रियगोचर वस्तूशी किंवा क्रियेशी बांधलेला असतो, आणि पुढे केव्हातरी कवीच्या अथवा सामान्य भाषकांच्या कल्पकतेमुळे त्यावर लक्ष्यार्थाचा थर चढतो, ही समजूत आपल्या समीक्षाव्यवहारात फार खोलवर रुजलेली आहे. तिला दोन्ही परंपरांचा आधार मिळतो. मम्मटाने लक्षणेसाठी मुख्यार्थाचा बाध, मुख्यार्थाशी संबंध आणि रूढी किंवा प्रयोजन अशा अटी सांगितल्या, आय. ए. रिचर्ड्स यांनी १९३६ साली रूपकाचे 'वाहक' आणि 'आशय' असे दोन घटक कल्पिले. दोन्ही मांडण्यांत मुख्यार्थ आधीच आपल्या जागी स्थिर बसलेला असतो; हालचाल होते ती लक्ष्यार्थाची. परंतु हा मुख्यार्थच इतिहासाच्या ओघात जागा बदलत असेल, नाहीसा होत असेल, किंवा आज आपण ज्याला लक्ष्यार्थ म्हणतो तोच एके काळी मुख्यार्थ असेल, तर त्या काळचे वाङ्मय आपण कसे वाचावे? प्रस्तुत लेखात हा प्रश्न इंग्रजीतील एका लहानशा शब्दसमूहाच्या आधारे विचारावयाचा आहे. समूह अगदी घरगुती आहे: पाणी, मांस, धान्य उकळण्याचे शब्द. पण परकीय सत्तेचा अंमल, वैद्यक, फौजदारी कायदा, निवडणुकीचा हक्क आणि वाङ्मयसमीक्षा या सर्वांनी त्या चुलीवर आपापले भांडे चढविलेले असल्यामुळे तो विचारार्ह ठरतो.

प्राचीन इंग्रजीत उकळण्यासाठी 'सेओथान' हे क्रियापद होते. आजच्या इंग्रजीतील 'सीद' तो हाच. जर्मनमधील 'झीडेन' हा त्याचा सख्खा भाऊ, आणि तो अजूनही स्वयंपाकघरात नांदतो आहे. इंग्रज भावाचे नशीब निराळे निघाले. १०६६ साली नॉर्मन सत्ता आली, आणि पुढील दोनतीन शतकांत सरदारांच्या मुदपाकखान्यातील जवळजवळ सगळी क्रियापदे फ्रेंच झाली: बॉइल, फ्राय, रोस्ट, स्ट्यू, पोच, ब्रॉइल. वॉल्टर स्कॉटच्या 'आयव्हॅन्हो'च्या आरंभी गुराखी आणि विदूषक यांच्यात जो संवाद आहे तो आपल्या वाचकांना ठाऊक असेल: जनावर जिवंत असते तेव्हा त्याचे नाव सॅक्सन, आणि ताटात आले की फ्रेंच. स्कॉटने नामांचा विचार केला. क्रियापदांचीही कथा तीच आहे, किंबहुना ती अधिक बोलकी आहे. भाजण्याच्या भट्टीसाठी 'बेक' हा देशी शब्द तेवढा टिकला, कारण भाकरी गरिबाचीही होती. 'सीद' मात्र हळूहळू मागे हटत गेला. दुसऱ्या रिचर्डच्या आचाऱ्यांनी १३९० च्या सुमारास सिद्ध केलेल्या 'फॉर्म ऑफ क्युरी' या पाककृतिसंग्रहात 'सीद' आणि 'बॉइल' दोन्ही शेजारी शेजारी आढळतात. त्यांच्यात अर्थाचा विशेष भेद दिसत नाही. १६११ च्या अधिकृत बायबलात करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवू नये ही आज्ञा 'सीद'नेच सांगितली आहे, आणि याकोब आमटी शिजवतो तेथे त्याचे जुने भूतकाळी रूप 'सॉड' येते. विसाव्या शतकातील भाषांतरकारांना या ठिकाणी 'बॉइल' घालावे लागले, कारण वाचकांना मूळ शब्द स्वयंपाकाचा म्हणून कळेनासा झाला होता.

मग 'सीद' कोठे गेला? आजच्या इंग्रजीत माणूस रागाने 'सीद' होतो, जमाव असंतोषाने होतो, बाजार गर्दीने होतो. फार तर खडकांवर आपटणारा समुद्र होतो, आणि त्यातही उष्णतेचा लवलेश नसतो. चुलीवरच्या भांड्याला हा शब्द कोणी लावीत नाही. म्हणजे लक्ष्यार्थ उरला आणि मुख्यार्थ गेला. 'मृत रूपक' ही संज्ञा आपण वापरतो तेव्हा रूपकातील कल्पना विझून केवळ नेहमीचा अर्थ शिल्लक राहिला, असे आपल्याला म्हणावयाचे असते. येथे उलटे घडले आहे: कल्पना सतेज आहे, तिचे वाहन तेवढे मेले आहे. घरातून बाहेर काढलेल्या माणसाला शेजारच्या देवळात आसरा मिळावा तसा हा लक्ष्यार्थ 'सीद'ला मिळालेला आश्रय होय.

याच धातूचे भूतकालवाचक विशेषण 'सॉडन' तर कुटुंबापासून पार तुटले. मूळ अर्थ 'उकडलेले'. सोळाव्या शतकाच्या अखेरीस तो 'मद्याने किंवा आळसाने बुद्धी मऊ पडलेला' असा झाला. 'ट्रॉयलस अँड क्रेसिडा'मध्ये थर्सायटीझ एका सरदाराच्या अकलेला हेच विशेषण लावतो, आणि तेथे उकडून गिळगिळीत झालेल्या मांसाची आठवण प्रेक्षकाला नक्कीच होत असणार. एकोणिसाव्या शतकात त्याला 'पाण्याने चिंब भिजलेला' हा अर्थ आला. आज पावसात भिजलेल्या मैदानासाठी हा शब्द वापरणाऱ्या इंग्रजाला आपण 'उकडलेले मैदान' म्हणत आहोत याची गंधवार्ताही नसते.

येथे विश्वनाथाची आठवण होणे अपरिहार्य आहे. 'कर्मणि कुशलः' या प्रयोगात कुश नावाचे गवत तोडणारा हा मुख्यार्थ बाधित होऊन 'प्रवीण' हा अर्थ रूढीने लक्षित होतो, असे मम्मटाचे म्हणणे. 'साहित्यदर्पण'कार विश्वनाथाने यावर घेतलेला आक्षेप असा की शब्दाच्या व्युत्पत्तीचे निमित्त वेगळे आणि त्याच्या प्रवृत्तीचे, म्हणजे वापराचे, निमित्त वेगळे. व्युत्पत्तीलाच मुख्यार्थ मानले तर 'गाय निजली आहे' हे वाक्यसुद्धा लाक्षणिक मानावे लागेल, कारण 'गो' हा शब्द गमनवाचक धातूपासून आला आहे. आपल्याकडे हा वाद बहुधा परीक्षेपुरता वाचला जातो. वस्तुतः त्यात ऐतिहासिक अर्थविचाराचे बीज आहे. 'सॉडन'च्या बाबतीत विश्वनाथ निर्विवाद बरोबर ठरतो. 'सीद'च्या बाबतीत मात्र दोघांचेही समाधान होत नाही. आजच्या भाषकाजवळ मुख्यार्थच नाही, तेव्हा बाध कशाचा होणार? आणि तरीही शब्द उच्चारताच काहीतरी तप्त, फसफसते, झाकण उचलू पाहणारे त्याला जाणवते. हे जाणवणे शेजारच्या 'बॉइल' आणि 'सिमर' यांच्याकडून उसने आलेले असावे असे मला वाटते. रूपकाची सामग्री शब्दाच्या पोटात असते असे आपण धरून चालतो. ती शेजारधर्मानेही मिळू शकते.

याहून अडचणीत टाकणारी गोष्ट अशी की 'सीद'चा लक्ष्यार्थ मुख्यार्थानंतर आला असेही उपलब्ध वाङ्मय पाहता म्हणता येत नाही. इसवी सन १००० च्या आसपासच्या हस्तलिखितात जतन झालेल्या 'बेवुल्फ'मध्ये राजा ह्रोथगार आपली चिंता अहोरात्र शिजवीत असतो, तेथे हेच क्रियापद आहे. पुढे हिगेलाकही आपल्या मनातील काळजीविषयी तेच सांगतो. त्याच काव्यात 'वेआलान' हे उकळण्याचे दुसरे क्रियापद वृद्ध वीराच्या छातीत उसळणाऱ्या काळोख्या विचारांसाठी आले आहे. या स्थळी उकळते ते चिंता आणि दुःख, क्रोध नव्हे. मराठी वाचकाला याचे नवल वाटू नये. आपल्याकडेही 'कढ' येतात ते दुःखाचे, आणि 'कढ'चे नाते संस्कृत 'क्वथ्' या उकळण्याच्या धातूशी आहे. पण आजच्या इंग्रजाला दुःख उकळते हे समजावून सांगावे लागेल. त्याच्या भाषेत उकळी आज मुख्यत्वे रागाच्या मालकीची झाली आहे.

ही मालकी कोठून आली याचा विचार करताना वैद्यकाकडे वळावे लागते. ॲरिस्टॉटलने आपल्या आत्मविषयक ग्रंथात क्रोधाच्या दोन व्याख्या दिल्या आहेत: तर्कशास्त्री म्हणेल की क्रोध ही सूडाची इच्छा होय, निसर्गाचा अभ्यासक म्हणेल की हृदयाभोवतीच्या रक्ताचे आणि उष्ण द्रव्याचे उकळणे म्हणजे क्रोध. यातील दुसरी व्याख्या रूपक नाही. ती शारीरशास्त्र आहे. पुढे गेलनच्या परंपरेतून आलेल्या चतुर्दोषसिद्धान्ताने, म्हणजे रक्त, कफ, पीत पित्त आणि कृष्ण पित्त यांच्या समतोलाच्या कल्पनेने, युरोपचे वैद्यक सतराव्या शतकापर्यंत व्यापले होते. एलिझाबेथकालीन माणूस 'माझे रक्त उकळते आहे' असे म्हणे तेव्हा तो आजच्या माणसाने 'माझा रक्तदाब वाढला आहे' असे म्हणावे तितक्याच अभिधेने बोलत होता.

जॉर्ज लेकॉफ आणि झोल्तान कोवेचेश यांनी क्रोधविषयक इंग्रजी वाक्प्रचारांचे जे विश्लेषण केले आणि जे लेकॉफ यांच्या १९८७ च्या ग्रंथात विस्ताराने आले, त्यात 'क्रोध म्हणजे बंद पात्रातील तप्त द्रव' अशी एक संकल्पना मांडली असून तिचे मूळ शरीराच्या प्रत्यक्ष अनुभवात, अंग तापण्यात आणि दाब जाणवण्यात, शोधले आहे. डिर्क गेरार्ट्स आणि स्टेफान ग्रोन्डेलार्स यांनी १९९५ मध्ये त्यावर घेतलेला आक्षेप मला निर्णायक वाटतो: हे वाक्प्रचार शरीरानुभवातून थेट उगवलेले नसून दोषसिद्धान्ताचा वारसा म्हणून भाषेत उरले आहेत. सिद्धान्त गेला, शब्द राहिले, आणि शास्त्राची विधाने न हलता रूपके झाली. कोणाही कवीने ती रचली नाहीत. ओवेन बारफील्ड यांनी १९२८ सालीच 'पोएटिक डिक्शन'मध्ये माक्स म्युलर यांच्या 'रूपकयुगा'च्या कल्पनेला उत्तर देताना म्हटले होते की आज आपल्याला विभक्त दिसणारे भौतिक आणि मानसिक अर्थ प्राचीन शब्दात एकसंध होते. बारफील्ड यांच्या एकूण दर्शनाशी सहमत न होताही उकळीच्या शब्दांपुरते त्यांचे म्हणणे मान्य करावे लागते.

शेक्सपिअरच्या वाचनात यामुळे काय फरक पडतो? त्याच्या नाटकांत मेंदू वारंवार उकळतात. 'मिडसमर नाइट्स ड्रीम'मधील थीसिअस प्रेमिकांच्या आणि वेड्यांच्या मेंदूंना 'सीद'चे विशेषण लावतो. 'विंटर्स टेल'मधील म्हातारा मेंढपाळ एकोणीस-बावीस वर्षांच्या पोरांच्या उकडलेल्या मेंदूंवर चिडतो. 'टेम्पेस्ट'मध्ये प्रॉस्पेरो भानावर येऊ लागलेल्या आपल्या शत्रूंच्या कवटीत मेंदू निरुपयोगी होऊन उकळत असल्याचे सांगतो. शिक्षणसंस्थांतील भाष्ये ही स्थळे 'प्रतिमा' म्हणून नोंदवितात. पण पहिल्या आणि तिसऱ्या स्थळी तरी वक्ता निदान करीत आहे: मेंदू स्वभावतः शीत असावा, त्यात उष्णता चढली की विवेक जातो. मेंढपाळाच्या बोलण्यात मात्र स्वयंपाकघर अधिक आणि वैद्यक कमी आहे. तिन्ही स्थळांना 'उकळीची प्रतिमा' या एकाच कप्प्यात टाकणे म्हणजे जो भेद नाटककाराला ठाऊक होता तो पुसून टाकणे होय. सी. एस. लुईस यांनी १९६० च्या 'स्टडीज इन वर्ड्स'मध्ये शब्दाच्या 'धोकादायक अर्था'विषयी वाचकाला सावध केले होते: आपल्या काळी जो अर्थ सर्वांत प्रबळ तोच आपण नकळत जुन्या मजकुरात वाचतो. त्यात भर घालून असे म्हणता येईल की आपल्या काळी जे रूपक तेच जुन्या काळीही रूपक, असे धरणे हा त्याच धोक्याचा अधिक सूक्ष्म प्रकार आहे.

आणि उकळणे तेव्हा आणखी एका अर्थाने अक्षरशः खरे होते. १५३१ साली रॉचेस्टरचे बिशप जॉन फिशर यांच्या घरच्या पातळ खिचडीत विष मिसळल्याच्या आरोपावरून रिचर्ड रूस नावाच्या आचाऱ्याला पकडण्यात आले. दोन माणसे दगावली होती. आठव्या हेन्रीच्या संसदेने विषप्रयोगाला राजद्रोह ठरविणारा खास कायदा केला, त्यात जिवंत उकळून मारण्याची शिक्षा नमूद केली, आणि ती लंडनच्या स्मिथफील्डमध्ये रूसवर जाहीरपणे अंमलात आली. शिजविणाऱ्याला शिजवून मारावयाचे, असा त्या शिक्षेतील भीषण न्याय असावा. १५४७ मध्ये सहाव्या एडवर्डच्या कारकिर्दीत तो कायदा रद्द झाला, पण स्मृती रद्द झाली नाही. 'विंटर्स टेल'मध्ये पॉलीना राजापुढे यातनांची यादी वाचते तीत तापलेल्या तेलात उकळणेही आहे. 'ट्वेल्फ्थ नाइट'मधील फेबियन तर गमतीने म्हणतो की या विनोदाचा एक कणही मी चुकविला तर मला विषण्णतेच्या उकळीत मरू दे. या वाक्यावर प्रेक्षक का हसत, हे आज टीपेशिवाय कळत नाही. विषण्णता हा दोष शीत आणि रुक्ष. त्यात कोणी उकळून मरूच शकत नाही. वैद्यकातील अशक्यता आणि कायद्यातील एके काळची शक्यता या दोहोंच्या टकरीतून तो विनोद निघतो. दोन्ही बाजूंना वाच्यार्थ आहे. लक्ष्यार्थ त्यांच्या मधल्या फटीत जन्मला आहे. केवळ 'अतिशयोक्ती' म्हणून हे वाक्य सोडून देणाऱ्याने फटही पाहिली नाही आणि टक्करही.

यंत्रयुगाने या शब्दांना जे दिले त्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून येथे थोडक्यात उल्लेख पुरे. पापँने १६७९ मध्ये झडपेसह बंद पात्र तयार केले. फॅरनहाइट यांनी १७२४ मध्ये आणि सेल्सिअस यांनी १७४२ मध्ये आपापली तापमानपद्धती मांडली. (सेल्सिअस यांच्या मूळ पद्धतीत पाणी शून्यावर उकळे आणि शंभरावर गोठे, उलटापालट पुढे झाली.) त्यापूर्वी उकळणे ही एक चढत जाणारी प्रक्रिया होती. तिच्या पायऱ्या आचारी कानाने ओळखी; 'सिमर' हा शब्द, पंधराव्या शतकात 'सिंपर', त्या मंद आवाजाचे अनुकरण आहे. तापमापकानंतर उकळणे हा एक बिंदू झाला, आणि राजकारणातील असंतोषही एका 'बिंदू'वर पोचू लागला. बंद पात्र, दाब आणि झडप या कल्पना दोषसिद्धान्तात नव्हत्या. लेकॉफ ज्या 'बंद पात्रा'विषयी बोलतात ते बहुतांशी बाष्पयंत्राचे आहे.

उकळीचा तिसरा साठा लॅटिनमधून आला, आणि तो चुलीपर्यंत पोचलाच नाही. 'बॉइल' स्वतः लॅटिन 'बुल्ला', म्हणजे बुडबुडा, यावरूनच फ्रेंचमार्गे आला. पण सोळाव्या शतकात विद्वानांनी तोच धातू ग्रंथांतून पुन्हा उचलून 'एबुलियंट' बनविला. त्याचा आजचा अर्थ उत्साहाने उसळणारा, आनंदी. त्याचप्रमाणे 'फेर्वेरे', उकळणे, यावरून 'फर्व्हंट' आणि 'फर्व्हर', म्हणजे भक्तीची किंवा निष्ठेची उत्कटता. एकच उकळी: फ्रेंच शब्दात ती राग, सॅक्सन शब्दात दडपलेला राग, लॅटिन शब्दात सात्त्विक उत्साह. शब्द ज्या वर्गाच्या तोंडी वाढला त्या वर्गाच्या भावनांचे मोल त्याला चिकटले, असा निष्कर्ष मोहक आहे आणि बऱ्याच अंशी खराही आहे. फक्त 'कन्कॉक्ट' हा लॅटिन शब्द त्याला अपवाद ठरतो. तो मुळात अन्नपचनाचा आणि परिपाकाचा गंभीर शास्त्रीय शब्द, आज त्याचा अर्थ खोटी हकीकत रचणे. याच कुळातील 'प्रिकोशस', शब्दशः 'आधीच शिजलेला', सतराव्या शतकात अकाली फुलणाऱ्या वनस्पतींसाठी वापरला जाई. आता तो अकालप्रौढ मुलांसाठी आहे. जाता जाता एक नाते सांगण्याजोगे आहे. इंग्रजी 'यीस्ट', त्वचारोगाचे ग्रीक नाव 'एक्झिमा' (शब्दशः 'उतू जाणे') आणि संस्कृत 'यस्' हे एकाच फेसाळण्या-उकळण्याच्या मूळ धातूचे वंशज मानले जातात. आपले आयास आणि प्रयास त्या 'यस्'पासून आले आहेत. सभेत 'अथक प्रयास' म्हणताना आपण कोणत्या हंडीचे झाकण उचलतो हे आपल्याला ठाऊक नसते, आणि विश्वनाथ म्हणेल की ठाऊक असण्याचे कारणही नाही.

इतके सारे झाल्यावरही वाच्यार्थ हा केवळ वस्तुनिर्देश असतो असे कोणी म्हणत असेल, तर त्याने टॉन्टन या नगरात जावे. १८३२ च्या सुधारणा कायद्यापूर्वी इंग्लंडमधील काही नगरांत मताचा अधिकार 'पॉटवॉलर'ला असे: ज्याची स्वतःची चूल आहे, जो तिच्यावर स्वतःचे भांडे उकळतो आणि जो धर्मादायावर जगत नाही असा पुरुष. यातील 'वॉल' म्हणजे 'बेवुल्फ'मधील तेच 'वेआलान'. शब्द कळेनासा झाल्यावर लोकांनी त्याचे 'पॉटवॉलपर' केले, कारण खदखदा उकळणे या अर्थी 'वॉलप' तेव्हा ओळखीचा होता. डॅनियल डिफोने अठराव्या शतकाच्या तिसऱ्या दशकातील आपल्या प्रवासवर्णनात टॉन्टनची हकीकत दिली आहे. निवडणुकीच्या आधी काही दिवस तेथील भाडोत्री आणि बिऱ्हाडकरू आपली भांडी रस्त्यावर आणीत, उघड्यावर जाळ करीत आणि शेजाऱ्यांच्या देखत अन्न उकळीत, म्हणजे उद्या मताला कोणी हरकत घ्यावयास नको. हे उकळणे वाच्य की लक्ष्य? पाणी खरोखर उकळत होते, अन्न खरोखर खाल्ले जात असेल. पण रस्त्यावर ते उकळत होते ते भुकेसाठी नव्हे. ते एक विधान होते: मी स्वतंत्र गृहस्थ आहे. क्रिया अक्षरशः घडत असतानाच ती चिन्ह झाली होती. १८३२ मध्ये नव्या मतदारांपुरता हा हक्क संपला आणि शब्द इतिहासाच्या पुस्तकांत गेला.

त्याच भांड्याने वाङ्मयसमीक्षेला एक शिवी पुरविली. 'पॉटबॉइलर' म्हणजे केवळ पोटासाठी पाडलेली कृती. हा अर्थ एकोणिसाव्या शतकात रूढ झाला, म्हणजे स्वतःचे भांडे उकळणे ही नागरिकत्वाची खूण राहिली नव्हती त्या काळात. तेव्हा कलावंताने भांड्याचा विचार करणेच हीन ठरू लागले होते. टॉन्टनचा भाडोत्री जे अभिमानाने रस्त्यावर मांडीत होता तेच लेखकाने लपवावे अशी अपेक्षा निर्माण झाली. डॉ. जॉन्सन यांनी १७५९ मध्ये 'रासेलस' आईच्या अंत्यविधीच्या खर्चासाठी एका आठवड्याच्या संध्याकाळी बसून लिहिली, असे बॉस्वेल सांगतो. अठराव्या शतकाला त्यात लाजण्यासारखे काही वाटले नाही. (पुरातत्त्वज्ञ मात्र 'पॉटबॉइलर' म्हणतात ते विस्तवात तापवून पाण्यात टाकावयाच्या दगडाला. एवढा निरुपद्रवी उपयोग समीक्षेत क्वचितच आढळतो.) विसाव्या शतकात अमेरिकेतून आलेला 'हार्डबॉइल्ड' हा प्रकारवाचक शब्द, म्हणजे १९२० मध्ये निघालेल्या 'ब्लॅक मास्क' या मासिकातील, हॅमेट आणि चँडलर यांच्या रहस्यकथांचा, नेमका उलट दिशेने गेला. मेंदू उकळला की मऊ होतो. अंडे उकळले की घट्ट होते. उकळण्याला स्वतःचा असा एकच परिणाम नाही, तो भांड्यात काय घातले यावर अवलंबून आहे, ही साधी गोष्ट रूपकाच्या सिद्धान्तकारांनी आचाऱ्याकडून शिकण्यासारखी आहे.

'वेआलान'चा एक वंशज अजून शिल्लक आहे, आणि त्याच्यामुळे हा विषय थेट आपल्या दारी येतो. 'वेल', म्हणजे झरा किंवा विहीर, तसेच आतून भरून वर येणे. डोळ्यांत पाणी 'वेल' होते. प्राचीन इंग्रजीत जमिनीतून उसळणारे थंड पाणी आणि भांड्यात उसळणारे तप्त पाणी यांना एकच क्रियापद होते, कारण लक्ष उष्णतेकडे नसून उसळीकडे होते. पुढे 'बॉइल'ने उष्णता नेली आणि 'वेल'कडे झरा राहिला. वर्ड्स्वर्थने १८०० च्या प्रस्तावनेत कवितेची जी प्रसिद्ध व्याख्या केली, तीत प्रबळ भावना आपोआप ओसंडून वाहतात. एम. एच. एब्रम्स यांनी 'द मिरर अँड द लॅम्प'मध्ये (१९५३) दाखविल्याप्रमाणे या ओसंडण्यामागचे चित्र जलाशयाचे, झऱ्याचे आहे. ज्वालामुखी बायरनचा; कवितेला तप्त रसाची उपमा त्याने एका पत्रात दिली आहे. मराठीत वर्ड्स्वर्थची व्याख्या सांगताना 'उद्रेक' हा शब्द वारंवार येतो. 'उद्रेक' म्हणताच आज मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे क्रोध, साथीचा रोग किंवा ज्वालामुखी उभा राहतो. झरा काठोकाठ भरून वाहू लागतो त्याला वेळ लागतो. उतू जाणाऱ्या दुधाला क्षण पुरतो. वर्ड्स्वर्थच्या त्याच वाक्यसमूहाचा पुढील भाग, म्हणजे शांतपणे आठविलेली भावना आणि तिच्या चिंतनातून सावकाश निर्माण होणारी तिच्यासारखी दुसरी भावना, हा आपल्या वर्गांतून आधीच्या भागाशी विसंगत म्हणून शिकविला जातो आणि ती विसंगती सोडविण्यासाठी प्रश्न घातले जातात. विसंगतीचा निदान काही भाग तरी वर्ड्स्वर्थचा नाही. त्याच्या झऱ्याखाली जाळ आपण घातला आहे.